वांग उतरल्यावर

डॉक्टरकीत किस्से सॅम्पलच्या ट्यूबांसारखे साचत जातात. फेकायला मन होत नाही. नव्वदच्या दशकात नवीन जालन्यात माझा स्किनचा दवाखाना होता. निम्म्या बायका वांगाच्या, म्हणजे गालांवरच्या काळपट डागांच्या. रात्री मलम, दिवसा उन्हाचं क्रीम, एवढीच माझी जादू! पण आमच्या सिस्टर शकुंतलाबाई म्हणायच्या, "मॅडम, डाग जातात हे बरंय. पण जातात कुठं?"

*

परतूरच्या एका शिक्षिकेचा डावा गाल लख्ख झाला. उजवा तसाच!

"दोन्हीकडं लावता ना?"

"बराबर लावते. पण उजवीकडचं झोपेत कुणीतरी पुसून घेतं. ओलं लागतं."

मी हसले. "अहो, मांजर चाटत असेल! दार लावून झोपा."

बाई हसल्या नाहीत. "मॅडम, आमच्याकडं मांजर न्हाई."

*

एमआयडीसीतल्या एका मिस्त्रीची बायको वांग गेले म्हणून पेढे घेऊन आली होती. पुढच्या खेपेला तिनं टॉवेलात गुंडाळून लग्नाचा फोटो आणला.

"ह्याला काय लावायचं?"

नवरीच्या दोन्ही गालांवर नवेच तपकिरी डाग!

"ओल लागली असेल," मी म्हणाले.

शकुंतलाबाई पुटपुटल्या, "नेमकी नवऱ्याचे गाल सोडून?"

*

आणि अनसूया. शेतात राबणारी, गोड बाई. तिच्या सासूचे डोळे लहानपणीच देवीत गेलेले. सुनेचं तोंड तिनं कधी पाहिलंच नव्हतं. रोज जेवताना म्हातारी तिच्या गालांवरून हात फिरवायची, मगच घास घ्यायची.

अनसूयाचे वांग गेले. त्या दिवशी म्हातारीनं हात फिरवला आणि झटकन मागं घेतला.

"कोण हाय तू? माझी सून कुठाय?"

"आत्याबाई, मीच!"

"आवाज तिचाच काढून राह्यली. पण तू ती न्हाईस."

ताट सरकवलं. मुलानं समजावलं, शेजारणींनी समजावलं. म्हातारी तिच्या हातचं पाणीही घेईना.

अनसूया माझ्यासमोर रडत होती. "मॅडम, वांग हाताला लागतेत का?"

"बिलकुल नाही. तो नुसता रंग."

"मंग तिला कळलं कसं?"

मी तिच्या गालावरून बोट फिरवून पाहिलं.

"मलम बंद करते. उपाशी मरंल ती."

मलम सुटलं, वर कापूस वेचणीचं ऊन. वांग परत आले. अनसूया सांगायला आली, तेव्हा गालांवर डाग आणि डोळ्यांत भीती.

"कालच्याला शेतातून आले. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी बोलले न्हाई, जवळबी गेले न्हाई. तरी लांबूनच म्हणल्या, 'आलीस का गं? ती बाई आत्ताच गेली बघ. तुझंच लुगडं नेसून गेली!'"