चारोळी आणि मुकं जातं

त्या उन्हाळ्यात मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून चामोर्शीला घरी आले, तेव्हा बाबांचं तूप बंद झालं होतं. रक्तदाब वाढलाय, नसा कडक होत चालल्यात, असं चांद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तळण सोडा, भूक लागली तर मूठभर चारोळी खा, बिनमिठाची. आदल्याच वर्षी काकांचं एक अंग लुळं पडलं होतं, त्यामुळे आई धास्तावली होती.

बाबा जंगलखात्यात रेंजर. चारोळीला काय तोटा? मूठभर म्हणता म्हणता डबे संपू लागले, तेही बासुंदीवर पेरून. "डॉक्टरांनीच सांगितलंय," ते म्हणत.

मग आईने सोललेली चारोळी आणणंच बंद केलं. कवचासकट बियांची टोपली आणि जातं त्यांच्यापुढे ठेवलं. "अहो, फोडाल तेवढी खा."

बिया फोडायला जातं हलक्या हाताने फिरवावं लागतं. जोर लावला की पीठ. बाबांनी आधी पीठच खाल्लं. पुढे हात बसला. दार लावून, शर्ट काढून, रेंजरसाहेब रोज दुपारी जात्यावर बसू लागले.

एकदा शेजारीण कुंपणाशी आली. "अवं बाई, तुमचं जातं मुकं काऊन फिरून राह्यलं? ओवी नाई, काई नाई. कोण बसलं हाये?"

"पोरगी," आई म्हणाली. "लाजाळू आहे."

"मंग म्हणू दे ना! आमालेबी ऐकू दे."

आत जातं थांबलं. साहेब बायकांचं जातं फिरवतात, हे बाबांच्या हाताखालच्या फॉरेस्ट गार्डांच्या कानावर गेलं असतं, तर बाबा पुन्हा जात्याला शिवले नसते, आणि आईला पुन्हा रात्री झोप लागली नसती. मला एकही ओवी येत नव्हती. चारचौघांत मी स्वतःचं नावही पुटपुटत सांगायची. दाराआड उभी राहून मी शाळेतल्या प्रार्थनेचं इंग्रजी गीत म्हणू लागले. बाबांनी त्या तालावर दगड फिरवला.

शेजारणीने कुंपणावरून मान लांब केली. मग, "बापा! विंग्रजीत ओवी रायते का वं?"

सुट्टी संपताना रक्तदाब उतरला होता. डॉक्टरांनी श्रेय चारोळीला दिलं, आईने जात्याला. "असंच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी मला बाजूला घेतलं. "तू गेलीस की आई गाणार. तिच्या ओवीत सगळे टोमणे मलाच. तुझं ते गाणं तिला शिकवून जा."

मी शिकवलं. पुढच्या सुट्टीत आले, तेव्हा आतून तीच चाल ऐकू आली. शब्द मात्र आईचे होते. त्यांत बासुंदी होती, आणि नवराही.