बाबांच्या नावावर काकाची बोटं

समुद्रातून अतिरेकी आले आणि त्यानंतर सगळ्या कोळ्यांना बोटांच्या ठशांचं ओळखकार्ड सक्तीचं झालं. उरणकडच्या आमच्या गावातल्या शाळेत शिबिर लागलं तेव्हा बाबा नेमके होडी घेऊन बाहेर. मग धाकटा काका गेला आणि बाबांच्या नावावर स्वतःची बोटं देऊन आला. रेशनला एकाने जावं, दोघांचं आणावं, तशी आमच्याकडची रीतच. फोटोही त्याचाच निघाला. दोघं भाऊ दिसायला सारखे, कोण हटकणार? दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या नावाने गेला, तर मशीन म्हणालं, हा माणूस आधीच आहे.

पुढे गस्तीवाल्यांनी भर समुद्रात बाबांचं बोट तपासलं. जुळलं नाही. होडी बंदराला लावायला लावली, ती पुन्हा समुद्रात गेली नाही.

मी तेव्हा पनवेलला सायबर कॅफेत कामाला. घरचे म्हणाले, तू कम्प्युटरवाली, तुझ्या हातचं काम. डोंबल माझ्या हातचं! कार्डाच्या कचेरीत नोंद दुरुस्त करा म्हटलं, तर म्हणाले, "ही यंत्रणा संरक्षित आहे. परवानगीशिवाय हात लावला तर कायद्याने आम्हीच आत जाऊ." परवानगी कोण देतं ते कुणाला ठाऊक नाही. शेवटी माहितीच्या अधिकारात विचारलं, माझ्या वडिलांच्या नावावर काय नोंदलंय? उत्तर आलं, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, देता येत नाही. बाप माझा, बोटं काकाची आणि गुपित देशाचं. असा संताप आला मला.

अपील केलं. सुनावणीला दोघं भाऊ धुतलेले शर्ट घालून आले.

"साहेब, चूक आमची हाय," बाबा म्हणाले. "दोगं भाव तुमच्या म्होरं उबं हाव. बगा आन लिवा."

साहेब भला माणूस. चहा मागवला. "दादा, तुम्हाला दोघांना मी बघतोय हो. पण ती नोंद मलासुद्धा दिसत नाही."

"मंग कोनाला दिसते?"

"ते सांगायचा मला अधिकार नाही."

परतताना एसटी स्टँडवर बाबा सहज बोलावं तसं म्हणाले, "मी मेलो तं मेला कोन म्हनून लिवतील?" काका तिथेच बाकावर बसून हमसून रडला. मला दोघांकडे बघवेना.

होडी विकली. काका कंटेनर यार्डात लागला. बाबांनी त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. तरी बाबा ओटीवर बसलेले दिसले की काका मागच्या दाराने जायचा. शेवटपर्यंत.