ध्यानाचा तास आणि माझा फोन

आज सकाळी सुकापूरच्या क्लासमध्ये मी एका मुलीला वर्गाबाहेर काढलं. चूक तिची नव्हती... पण ते कळायला मला पाच मिनिटं लागली.

आधी मी तिथे काय करतो ते सांगतो, नाहीतर कॉलेजची मंडळी हसतील. दहावीच्या मुलांना मी सकाळी सात ते साडेसात ध्यान, झोप आणि स्वप्नं शिकवतो. हो, मीच... एस.वाय.ला सरांच्या टेबलावर जर्नल आपटून कॉलेजातून निघून आलेला तोच.

झालं असं की मुलं नीट झोपत नाहीत अशी पालकांची तक्रार होती. मी तिथे पेपर तपासायला जायचो. माझा एफ.वाय.चा प्रोजेक्ट झोपेवर होता हे क्लासच्या मोठ्या सरांना कधीतरी बोलून गेलो होतो... मग काय, तूच शिकव म्हणाले.

तो प्रोजेक्ट आम्ही दोघांनी केला होता. तिचं नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. झोपेच्या पायऱ्यांचा जो चार्ट मी भिंतीवर लावतो, त्यावरचं अक्षर तिचं आहे. अगदी खाली बारीक अक्षरात तिने लिहिलंय, 'झोपण्याआधी भांडू नये.' हे शास्त्रात बसतं का, यावरून आम्ही तेव्हा दोन दिवस भांडलो होतो.

आमचं बोलणं बंद होऊन चार महिने झाले. तिचा शेवटचा मेसेज, 'तू आधी शांत हो, मग बोलू.' तेव्हापासून मी दुसऱ्यांना शांत व्हायला शिकवतोय... आणि स्वतः सलग तीन तास झोपलेलो नाही.

आमचा तास साधा असतो. दारात बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवलाय, मुलांनी फोन त्यात टाकायचे. मग डोळे मिटून दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष, आणि मग रात्री पडलेलं स्वप्न वहीत लिहून नंबराने वाचून दाखवायचं.

स्वप्नं तरी कसली... हॉलतिकीट हरवलं, पेपर कोराच राहिला, नाहीतर बेंचवर नंबरच नाही. फक्त रूपेशची वही रिकामी. तो उरणच्या कोळीवाड्यातला, शिकायला इथे मामाकडे राहतो. "आमी पडलो का झोपतो सर. स्वप्नाला टाइमच नाय भेटत." खोटं कशाला सांगू, मला त्याचा हेवा वाटतो.

तर आज. मी म्हणालो, डोळे मिटा, खांदे सैल सोडा... आणि पुढच्या बाकावरून श्रावणीने विचारलं (नाव बदललंय), "सर, तुम्ही का नाही मिटत?"

मी म्हटलं, मला तुमच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

"तुम्ही फोनवर लक्ष ठेवता. रोज. तोच एक फोटो उघडता."

डोकं सटकलं. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती दप्तर तिथेच ठेवून, फक्त खायचा डबा घेऊन उठली आणि दाराबाहेर गेली.

वर्गात कोणी हसलं असतं तर मला अजून ओरडता आलं असतं. कोणी हसलं नाही. मागून रूपेश हळूच म्हणाला, "सर, ती खोटं नाय बोलली. आमी सगल्यांनी बगितलंय."

म्हणजे रोज ती दहा मिनिटं डोळे किलकिले करून अख्खा वर्ग मला बघत होता. आणि मला वाटत होतं की निदान तेवढा वेळ तरी आपल्याला कोणी बघत नाही...

बाहेर गेलो. श्रावणी जिन्यात बसून डब्यातला पराठा खात होती.

"चल आत."

"परत ओरडणार?"

"नाही. फोन पत्र्याच्या डब्यात टाकतो."

तिने पराठा गुंडाळला. "मग सूचना मी देणार. तुम्ही नीट बसा."

मी खुर्चीत बसलो, डोळे मिटले. ती हुबेहूब माझ्या आवाजात सुरू झाली... श्वास आत, श्वास बाहेर, घाई नको, कोणी आलं मनात तर येऊ द्या, चहा विचारू नका. ते शेवटचं तिने स्वतःचं घातलं.

त्यानंतरचं मला आठवत नाही. स्वप्न मात्र आठवतंय. ती, प्रोजेक्टवाली, मागच्या बाकावर, दहावीच्या मुलांमध्ये बसली होती, डोळे मिटून. मी हाक मारली, तिने डोळे उघडले नाहीत. रागाने नाही... ती खरंच शांत होती. मी दुसरी हाक मारली नाही.

जागा झालो तर वर्ग रिकामा. पंखा कोणीतरी हळू केला होता, पलीकडच्या खोलीत गणित चालू होतं. फळ्यावर लिहिलं होतं, 'सर, तुम्ही घोरता. उद्या तुमचं स्वप्न. पहिला नंबर तुमचा.'

डब्यातून फोन काढला. तिचा मेसेज नव्हता. तिचं लास्ट सीन सात चाळीस... म्हणजे मी झोपलो होतो तेव्हाच ती ऑनलाइन येऊन गेली. काही टाइप करून तिने खोडलं असेल का, हे दिवसभर डोक्यातून जात नाहीये. असेलही. नसेलही.

आता हे लिहिताना लक्षात आलं, श्रावणीला सॉरी म्हणायचं राहूनच गेलं. उद्या आधी फोन डब्यात टाकेन, मग तिला सॉरी म्हणेन... आणि मग पहिला नंबर माझा.