टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

चहा झाला ना? मग आता सांगायला हरकत नाही. पण आधीच बजावून ठेवतो, हसायचं तर शेवटी हसा. मध्येच कोणी फिसकन हसलं तर मी उठून जाईन. कारण ह्या भानगडीत माझ्या मामांचा जीव जायची वेळ आली होती. आणि गाढवपण दुसऱ्या कोणाचं नाही, माझंच!

मी महाडच्या इंग्रजी शाळेत मास्तर. मास्तरला सगळं येतं असं लोकांना वाटतं. त्यात एवढंच वाईट, की मलाही तसंच वाटायचं. कोणाचं पोट दुखो, कोणाच्या भिंतीला ओल येवो, मी सल्ला द्यायला हजर. कोणी विचारला नसला तरी!

घरात आई आणि मी. आणि एक मोटार. मोटार मूळची मामांची. मामा पोलादपूरला असत, लाकडाचा धंदा होता त्यांचा. बारा वर्षं त्यांनी ती स्वतः चालवली. मग डोळ्यांनी नीट दिसेना, तेव्हा धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आईच्या दारात आणून उभी केली आणि म्हणाले, “यमू, ही तुला. आता तूच येत जा मला भेटायला.”

गाडी म्हातारीच होती. छत फाटलेलं, एक दिवा कायमचा गेलेला, आणि चालू करायला पुढून हँडल मारावं लागे. हँडलला आमचा सखाराम. हा आमच्या शेतावरचा गडी, वरच्या वाडीतला, चाळिशीचा. मुंबईत चार वर्षं लॉरीवर क्लीनर होता. मी म्हणायचो, क्लीनर म्हणजे काय हो, फडकं मारणारा! गाडी चालवायला चक्रामागे बसायचो मी. कारण गाडीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचता येत होतं फक्त मला.

आता दसऱ्याकडे येतो. दर दसऱ्याला मामा महाडला यायचे, आईला सोनं द्यायचे आणि गाडीची पूजा करायचे. पूजा म्हणजे काय? दिव्यांना हळदकुंकू, वर एक झेंडूचं फूल, नमस्कार. झालं! त्या वर्षी मामांच्या छातीत कफ धरला आणि त्यांचं येणं राहिलं. पूजा माझ्याकडे आली.

माझ्याकडे आली म्हटल्यावर ती साधी होणार होय? हळदकुंकू वाऱ्यानं उडून जातं, टिकाऊ काही तरी पाहिजे, असं मी ठरवलं. शेंदूर आणला. सुताराकडून जवसाचं तेल आणलं. दोन्ही घोटून घट्ट लगदा केला. आमच्या गाडीची पेट्रोलची टाकी पुढच्या काचेखाली, आणि तिचं पितळी झाकण बरोबर समोर, सगळ्यांना दिसेल असं. त्या झाकणावर मी बोटभर जाडीचं स्वस्तिक काढलं. मधोमध एक बारीकसं भोक होतं. ते बरं दिसेना, म्हणून काडीनं शेंदूर दाबून तेही गुळगुळीत बुजवलं. चार दिवसांत ते असं वाळलं की नखानं खरवडेना. मी शेजारच्या चौघांना बोलावून दाखवलंसुद्धा!

त्याच उत्साहात मी मामीला एक पत्र टाकलं. कोणी विचारलं होतं? नाही. पण लिहिलं, “मामांना वारा अजिबात लागू देऊ नये. खिडक्या बंद ठेवाव्यात, फटींत चिंध्या कोंबाव्यात, आणि खाटेजवळ कोळशाची शेगडी अखंड असावी.” खाली झोकदार सही.

पाच-सहा दिवसांनी पोलादपूरहून उतारू घेऊन येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं मामीची चिठ्ठी आणून दिली. एकच ओळ. “ह्यांचा श्वास आता फार अपुरा पडतो, वन्संना घेऊन ताबडतोब या.”

आईनं चिठ्ठी दोनदा वाचून घेतली. मग देवघरात गेली आणि रुमालात बांधून ठेवलेली आपट्याची पानं घेऊन आली. दसऱ्याचं सोनं. दादाला द्यायचं राहिलेलं.

“विनू,” ती म्हणाली, “त्याच्या हातात हे माझ्या हातानं पडलं पाहिजे. मग पुढचं देव बघेल.”

महाड ते पोलादपूर दहा-अकरा मैल. सर्व्हिस मोटार परत जायची ती संध्याकाळी. मी म्हटलं, “आई, आपली गाडी आहे. पाऊण तासात पोचवतो.” ह्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

निघालो. आई मागे, पानं मुठीत. सखाराम माझ्या शेजारी. उन्हं चांगली वर आली होती. नांगलवाडी मागे पडली, आणि गाडीनं दोन आचके दिले, खोकली, आणि बंद!

घाबरलो नाही हो मी. पुस्तक काढलं. ‘इंजिन अचानक थांबल्यास’ असं एक प्रकरणच होतं त्यात. पहिला प्रश्न, टाकीत पेट्रोल आहे का? झाकण फिरवलं, तर फुस्स असा आवाज झाला. आत काठी घालून पाहिली. पेट्रोल भरपूर. झाकण लावलं. दुसरा प्रश्न, प्लग स्वच्छ आहेत का? चारही काढले, पुसले, परत बसवले. “सखाराम, हँडल मार!” त्यानं मारलं आणि गाडी सुरू!

“काजळी,” मी आईला म्हणालो. “प्लगला काजळी धरली होती. सामान्य माणसाला कळत नाही हे.”

दोन मैल गेलो. आचके, खोकला, बंद.

मी पुन्हा पुस्तक काढलं. माझी एक शिस्त आहे, सुरुवात पहिल्यापासून करायची. झाकण उघडलं, फुस्स! काठी घातली, पेट्रोल आहे. झाकण लावलं. प्लग झाले होते, म्हणून तारा तपासल्या. एक जरा सैल वाटली, ती आवळली. “सखाराम, हँडल मार!” गाडी सुरू!

“तार ढिली होती,” मी म्हणालो.

“मघाशी काजळी म्हणालास,” आई मागून म्हणाली.

“आई, तेव्हा काजळी होती. आता तार होती.”

आईची मूठ मात्र आणखी घट्ट झाली.

तिसऱ्यांदा बंद पडलो तेव्हा सखारामनं घसा खाकरला. “मास्तर, येक सांगू का? तुमी त्या झाकान उगाडता ना, तवाच ही चालू व्हते. बाकी काय पन करा नायतर नको करा.”

आता सांगा, खरं म्हणजे इथं मी त्या माणसाचे पाय धरायला हवे होते. मी काय केलं? हसलो! “सखाराम, अरे झाकणाचा आणि इंजिनाचा काय संबंध? पुस्तकात तसं कुठेही नाही. तू हँडल मार.”

“पन फुस करतंय कशाला मंग?”

हा प्रश्न मात्र मला लागला. मी विचार केला, चांगला गंभीरपणे केला, आणि मला साक्षात्कार झाला. ऊन! उन्हानं पेट्रोल उकळतंय, त्याची वाफ बाहेर पडतेय, ताकद उडून जातेय! मग उपाय काय? वाफ बाहेर जाऊच द्यायची नाही. मी पाना काढला आणि झाकण जीव खाऊन आवळलं. वर सखारामचं मुंडासं ओलं करून घट्ट गुंडाळलं. सखाराम उघड्या डोक्यानं उन्हात उभा राहून बघत होता.

त्यानंतर गाडी मैलभरसुद्धा जाईना. फर्लांगभर गेली की बंद. आता झाकण उघडायचं म्हणजे आधी मुंडासं सोडा, मग पाना लावा, दोघांनी जोर करा, फुस्स ऐका, पुन्हा आवळा, पुन्हा गुंडाळा, पुन्हा हँडल. सखारामच्या हाताला फोड आले. माझं धोतर काळं झालं.

लोहाऱ्याच्या पुढे कुठेशी आई खाली उतरली. पदर खोचला आणि रस्त्यानं चालायला लागली.

“आई! अगं, दोन मिनिटं!”

“तू ये सावकाश,” ती मागे न बघता म्हणाली. “मला दादाला भेटायचंय.”

साठीची बाई हो! त्या उन्हात! मला रडू यायचं बाकी होतं. मी जीव तोडून गाडी सुरू केली, तिला गाठलं, म्हटलं, “बस, बस!” ती बसणार इतक्यात गाडी बंद. ती पुन्हा चालू लागली. मी पुन्हा गाठलं. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी मी हॉर्न वाजवला तर तिनं हातानंच सांगितलं, नको. भाताची कापणी करणाऱ्या बाया विळे थांबवून बघत होत्या. त्यांतली एक ओरडली, “गो म्हातारे, त्याला पन घेऊन जा तुज्यासंगं!”

आई आमच्या अर्धा तास आधी पोलादपूरला पोचली. पायी!

मी मामांच्या घरात शिरलो. माजघराच्या आत खोली. दार लोटलेलं. आत काळोख, धूर, आणि असा उबारा की माझाच जीव घाबरा झाला. खिडकी बंद. फटींत चिंध्या अगदी व्यवस्थित कोंबलेल्या. खाटेशेजारी शेगडी धगधगत होती. मामा उशीला टेकून बसले होते, तोंड उघडं, श्वास वरवर. आपट्याची पानं त्यांच्या मुठीत होती. आई त्यांचा हात धरून खाली बसली होती आणि तिच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. मी दारातच उभा राहिलो.

मामांनी मला ओळखलं. अगदी हळू म्हणाले, “काय रे, कुठं अडली?”

मरणाच्या दारातला माणूस गाडीची चौकशी करतोय! मी खाली मान घालून सगळं सांगितलं. काजळी, तार, वाफ, मुंडासं.

“झाकण उघडलं की फुस्स?”

“हो मामा.”

“आणि मग चालते?”

“हो... चालते खरी.”

मामांनी दम घेतला. “झाकणाला काय केलंस?”

“काही नाही. दसऱ्याला शेंदूर लावला. जवसाच्या तेलात. ते मधलं भोक होतं ना, तेही नीट बुजवून...”

मामांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेले! मामीनं तोंडाला पदर लावला. पण मामा बोलले.

“अरे गाढवा, ते भोक वारा आत जायला असतं. वारा आत गेला तर पेट्रोल खाली उतरणार. तू तिचं नाकच बुजवलंस की रे.” मग डोळे उघडले आणि सरळ त्या बंद खिडकीकडे बघितलं. “आणि हे पत्र... तेही तुझंच ना?”

मामी खिडकीकडे बघत होती. आई खिडकीकडे बघत होती. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

“मास्तरांनी लिहिलंय म्हणून केलं हो,” मामी रडतच म्हणाली. “दोनदा वाचून घेतलं मी, काही राहायला नको म्हणून. हे रोज म्हणायचे, खिडकी उघड. मी म्हणायची, विनू शिकलेला आहे.”

त्या वाक्यानं मी मेलो.

मी गेलो खिडकीपाशी. माझ्याच त्या काळ्या हातांनी एकेक चिंधी उपसली. खिडकीचं दार ढकललं. सावित्री नदीकडून गार वारा आत आला. सखारामनं कोणाला न विचारता शेगडी उचलून अंगणात नेली. मामांनी एक श्वास घेतला, मग दुसरा, जरा खोल. तिसऱ्या श्वासाला ते आईला म्हणाले, “यमू, फुस्स झालं बघ.”

आई आधी हसली आणि मग आईला जे रडू आलं, ते आवरेना.

मामा त्या दिवशी गेले नाहीत. चार दिवसांत उठून बसले, आठव्या दिवशी ओटीवर आले. आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हीच हकिगत सांगू लागले. पोलादपुरात मी आता विनायक मास्तर नाही. “तो शेंदूरवाला” म्हणतात मला.

भाऊबीजेला आम्ही पुन्हा निघालो. आईनं ओवाळणीचं ताट मांडीवर घेतलं. बसण्याआधी पोलक्याला खोचलेली सुई काढून तिनं झाकणाचं आता मोकळं केलेलं भोक स्वतः तपासलं. मी सवयीनं चक्राकडे वळलो, तर तिथं सखाराम बसलेला! मामांचा तसा निरोपच आला होता. मुंबईतल्या चार वर्षांत तो लॉरीसुद्धा चालवायला शिकला होता. मला कसं माहीत असणार? मी कधी विचारलंच नव्हतं.

मी पुस्तक उघडून काही तरी सांगायला तोंड उघडलं. आईनं फक्त बघितलं. मी पुस्तक मिटलं.

सखाराम खिडकीतून वाकला, नवं मुंडासं सावरलं आणि अगदी आदरानं म्हणाला, “मास्तर, हँडल मारा.”

मारलं. पहिल्या फटक्याला सुरू झाली.