झुंबरबाईचे डिंकाचे लाडू

पिंप्राळ्यातल्या निम्म्या बाळंतिणी झुंबरबाईच्या लाडवांवर उभ्या राहिल्या. त्र्याण्णव साली तिच्या नवऱ्याला, हिलालभाऊंना, हार्ट अटॅक आला. डॉक्टरांनी तूप बंद केलं, तरी हिने त्यांना तुपातले डिंकाचे लाडू सुरू केले.

मी, तिची शेजारीण, चिडले. "अगं, हृदयाचं मेलेलं मांस पुन्हा येत नाही. नुसता वण राहतो. तुपाने उरलेलंही जाईल."

"अक्का, बाळंतीण भरी येस, मग यास्नं काळीज का भरी येत नही?"

बाळंतीण भरून येते, मग काळीज का नाही, हे मला प्राणिशास्त्रातही कोणी शिकवलं नव्हतं. "डॉक्टरांकडेही ते मांस परत आणणारं औषध नाही," एवढंच मी सांगितलं.

"मग मी काय करू, बघत बसू?" म्हणत तिने हिलालभाऊंच्या लाडवांचा डबा माझ्याकडे ढकलला.

डबा मी घरी आणला. तिचे लाडू काढून घेतले, पण बदल्यात तिला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं, याचाच संताप येत होता.