मॅडमनी सांगितलं तसंच

मॅडम दाराला कडी लावू देत नसत. खोलीच्या नाही, न्हाणीघराच्या नाही, दिवसा पुढच्या दारालासुद्धा नाही. उत्तर इंग्लंडमधल्या एका गारठलेल्या गावात आम्ही दोघी एका घरात भाड्याने राहत होतो. मी लातूरची, साहित्य आणि नाटक शिकायला आलेली. त्या नांदेडच्या, बियाण्यांवर संशोधन करायला आलेल्या. त्या उघड्या दारातून असा वारा यायचा की माझे दात वाजायचे. मी दार लावलं की पाच मिनिटांत त्या येऊन उघडायच्या आणि फटीत जुनी चप्पल सारायच्या. "थंडीनं मरत न्हाई माणूस," एवढंच म्हणायच्या. पहिल्या आठवड्यापासूनच त्या माझ्या डोक्यात जात होत्या, आणि मी ते लपवतही नव्हते.

नांदेडच्या एका मोठ्या क्लासमध्ये त्यांनी सहा वर्षं बॉटनी शिकवली होती, म्हणून त्या 'मॅडम'. मी लातूरच्या तसल्याच क्लासमधून गळालेली पोर. दोन वर्षं रट्टा मारून मेडिकल हुकलं, मग बी.ए. केलं, नाटकात शिरले आणि शिष्यवृत्ती मिळवून इतक्या लांब आले. खरं सांगायचं तर असल्या बायांपासून सुटायलाच आले. आणि इथे स्वयंपाकघरात तीच बाई पोळ्या लाटत उभी! भिंतीवर टाइमटेबल चिकटवलेलं: भात कुणी लावायचा, भांडी कुणी घासायची, मी किती वाजता उठायचं. सकाळी सहाला दारात उभ्या राहून विचारायच्या, "काय गं, नाटक शिकून राहिलीस का झोपून राहिलीस?"

नाटक हा विषयच त्यांना मान्य नव्हता. एकदा आमच्या वर्गात अख्खा तास झाड होऊन उभं राहायला लावलं. मी कौतुकाने घरी येऊन सांगितलं. मॅडमनी लाटणं थांबवलं. "झाड व्हायला इमानात बसून आलीस? ते तर उमरीच्या बसस्टँडवर बी जमलं असतं." मी म्हटलं, "तुमची बॉटनीच करत होते." त्या हसल्या नाहीत. त्या दिवशी माझ्या ताटात एक पोळी जास्त पडली, पण तेव्हा माझं लक्ष तिकडे कुठलं असायला!

त्यांचं एक पालुपद होतं. "टॉपरची वही घ्यायची, पाठ करायची, जशीच्या तशी उतरवायची. सोताचं डोकं लावायचं न्हाई." आमच्याकडच्या सगळ्याच क्लासेसचा तो कायदा होता आणि तो माझ्याही हाडीमासी भिनलेला होता. पहिल्या तोंडी परीक्षेत प्राध्यापकबाईंनी नाटकातल्या एका प्रवेशाबद्दल विचारलं, तुम्हाला हे वाचून काय वाटलं? मी एका जाड पुस्तकातलं दीड पान धडाधड म्हणून दाखवलं, अगदी पान क्रमांकासकट. त्यांनी मला थांबवलं. "हे मी वाचलंय. यात तुम्ही कुठे आहात?" मी नापास झाले. तीन आठवड्यांची मुदत मिळाली: स्वतःच्या आयुष्यातलं काही घेऊन एकटीने वीस मिनिटांचा प्रयोग करायचा. तो पडला तर शिष्यवृत्ती बंद आणि परतीचं विमान. बाबांनी गल्लीभर पेढे वाटले होते. असं तोंड घेऊन परत जायचं माझ्या जिवावर आलं.

स्वतःच्या आयुष्यातलं म्हणजे काय? लातूरची म्हटल्यावर मला भूकंपच सुचला. तेव्हा मी आठ वर्षांची होते. आमच्या घरात फळीवरचे दोन डबे पडले आणि पुढे महिनाभर आम्ही अंगणात झोपलो, त्याची आम्हा पोरांना गंमतच वाटली. यात अभिनय कशाचा करणार? म्हणून मी किंकाळ्या घातल्या, धावाधाव घातली, छाती पिटली. एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरात ते करून बघत होते. मॅडम मेथी निवडत बसल्या होत्या.

"बंद कर," त्या म्हणाल्या. "असं नसतंय."

मी चिडून म्हटलं, "तुम्हाला काय माहीत?"

मग त्यांनी सांगितलं. मेथीवरून मान वर न करता. त्या मूळच्या किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातल्या होत्या. नांदेड हे मामाचं घर; भूकंपानंतर त्या तिथे वाढल्या. "आवाज न्हाई आला गं. तोंडात माती होती. वरडायला तोंड मोकळं लागतंय. वरच्या माळवदाची माती, दगडं, समदं अंगावर. धाकटा भाऊ दत्तू माझ्या शेजारी होता, पाच वर्षांचा. त्यानं माझा फ्रॉक धरला होता मुठीत. मला उजेड दिसला एका फटीतून. फ्रॉक सुटंना. मी त्याची बोटं सोडवली, एकेक करून. म्हणलं, आलेच माणसं घेऊन." त्या काड्या गोळा करू लागल्या. "माणसं मिळेपर्यंत दुपार झाली. मामाला म्हणलं मी, मला दत्तू दिसलाच न्हाई. आजवर तेच म्हणून राहिले."

दाराचं तेव्हा मला कळलं. मला वाईट वाटलं, तेही खोटं नव्हतं. पण खोलीत जाऊन मी पहिलं काम केलं ते वही काढण्याचं. एक शब्द न गाळता सगळं उतरवलं आणि पाठ केलं. त्यांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. टॉपरची वही हाती लागली होती.

प्रयोगाला मॅडम आल्या. याआधी कधी आल्या नव्हत्या. कोटाखाली ठेवणीतली साडी होती आणि पिशवीत माझ्यासाठी डबा. मी रंगमंचावर म्हटलं, "माझा भाऊ दत्तू." मग हवेत धरलेल्या मुठीची बोटं सोडवली, एकेक करून. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी पास झाले, पहिली आले. प्राध्यापकबाईंनी डोळे पुसत मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा भाऊ आज इथे हवा होता." मॅडम बाजूलाच माझा कोट घेऊन उभ्या होत्या. मी प्राध्यापकबाईंना म्हटलं, "थँक्यू."

परतताना घर जवळ आल्यावर मॅडम म्हणाल्या, "उजव्या हातानं सोडवलीस तू. माझा डावा होता."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्हीच म्हणता ना, जशीच्या तशी उतरवायची."

हे वाक्य मी कसं उच्चारलं, याची आजही मला लाज वाटते. आठ दिवसांत त्या प्रयोगशाळेजवळ दुसऱ्या खोलीवर राहायला गेल्या. निघताना टाइमटेबल भिंतीवरून काढलं, नीट घडी घातली, आणि मी दारात उभी असताना माझ्या अंगावरून निघून गेल्या. नंतर बाजारात दोनदा दिसल्या. दोन्ही वेळा त्यांनी रस्ता ओलांडला.

त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझ्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग ठेवलेलं आहे. दर वर्षी नव्या मुलांना दाखवतात म्हणे. त्यावर लिहिलंय, 'भूकंपात गेलेल्या आपल्या धाकट्या भावाविषयी.' ते खोडा, असं कळवायला मी कितीदा पत्र लिहायला बसले, आणि दर वेळी उठले. बाबांना आम्ही दोघी मुलीच. मला भाऊ कधी नव्हता.