टार्निटचे डोंगर

वेरिबीच्या कम्युनिटी सेंटरमध्ये जलरंगाच्या क्लासला मी मागच्या टेबलावर बसायचे. शिकवणाऱ्या बाई जपानी, वयस्कर. कोर्सच्या शेवटी प्रत्येकाचं एक चित्र भिंतीवर लागणार होतं. अट एकच: जागा घराजवळची हवी, आणि तिथे जाऊनच काढायची. माझं चित्र लागावं असं फार वाटत होतं, आणि ते कोणी बघू नये असंही.

"टार्निटमध्ये काय रंगवणार गं? कचऱ्याचे डबे?" माझी फ्लॅटमेट म्हणाली. टार्निट म्हणजे आम्ही राहतो ते शहराच्या कडेचं उपनगर.

आमच्या इस्टेटच्या, म्हणजे नव्या घरांच्या वसाहतीच्या, टोकाला घरं संपतात आणि सुकं गवत सुरू होतं. रविवारी तिथे बसून मी चित्र काढलं. पुढच्या क्लासला बाईंनी ते बराच वेळ पाहिलं.

"हे डोंगर कुठले?"

टार्निट पोळपाटासारखं सपाट आहे. मी मात्र क्षितिजावर दोन त्रिकोणी डोंगर काढले होते, मध्ये सूर्य. शाळेत निसर्गचित्र म्हटलं की सगळे हेच काढायचो. हाताने आपलं आपण काढून टाकलं होतं.

बाई हसल्या नाहीत. "आमच्याकडेही चित्रात नावाजलेले डोंगर, नावाजलेले धबधबे असायचे," त्या म्हणाल्या. "बरेचदा गुरूच्या चित्रावरून काढलेले. मग, शंभराहून जास्त वर्षं झाली, इंग्लंडचे जलरंगवाले चित्रकार आले. त्यांचं बघून आमची तरुण मुलं रंगांची छोटी पेटी घेऊन गावाबाहेर जाऊ लागली. शेताचा बांध, ओढा, चिखलाची वाट, दिसेल ते रंगवायची. हौशी लोकांना तर वेडच लागलं."

मी क्लासमध्ये कधी काही विचारत नाही. त्या दिवशी विचारलं, "पण बांधात त्यांना एवढं काय दिसलं?"

"जा, बघून ये. अजून एक रविवार आहे."

या वेळी मी आधी नुसती उभी राहिले. गवत पिवळं नव्हतंच, मुळाशी जांभळट होतं. कुंपणाला टेकून लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा होता, त्याची सावली चक्क निळी. क्षितिजाशी हात शिवशिवला. तिथे मी कागद कोरा सोडला.

चित्र लागलं. फोटो बघून पुण्याहून आईचा मेसेज आला, 'छान. मागे एखादा डोंगर हवा होता.'

प्रदर्शनाच्या दिवशी मी भिंतीपासून लांब, चहाच्या टेबलापाशी उभी होते. एक अनोळखी बाई माझ्या चित्रासमोर थांबल्या, वाकल्या, चष्मा वर केला. नक्की काय बघताहेत? कप ठेवून मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.